चेंडू दिसेनासा झाल्यावर

भूपाल आप्पा वर्षातून एक दिवस शांत असायचे, आणि त्या दिवशी आम्हाला त्यांची जास्त भीती वाटायची. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला आम्ही जैन लोक एकमेकांची क्षमा मागतो. बाकीचे नातेवाइकांकडे जात, शेजारी जात. आप्पा जिनमंदिरातून पांढऱ्या धोतरात थेट बास्केटबॉलच्या कोर्टावर जायचे आणि पंचांपुढे हात जोडायचे.

"उत्तम क्षमा. वर्षभर तुमच्या डोळ्यांवरनं बोललो, अकलेवरनं बोललो, एकदा तर सासुरवाडीवरनं बोललो. पोटात घाला."

पंच बिचारे ओशाळून जात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव सामन्याची पहिली शिट्टी वाजते न वाजते तोच पायरीवरून गर्जना यायची, "झोपलाईस का रं? ते पाऊल ढांगंएवढं पुढं गेलं की!"

आप्पा माझे चुलते. निपाणीच्या बाजारात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. स्वतः ते कधी चेंडूला हात लावत नसत, पण गावच्या टीमची मॅच असली की दुकानाचं फळकूट खाली. काकू म्हणायच्या, "एखाद्या दिवशी ह्यांना राग आला न्हाय तर मी डॉक्टर बोलावते."

आमची टीम एकेकाळी बेळगावपर्यंत जाऊन कप आणायची. मग आणायची बंद झाली, पण खेळणारे पाच तेच राहिले. त्या पाचांतला पाचवा मी. चाळिशीला टेकलेलो, जर्सी पोटावर अडकायची, आणि धाप लागली की बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करायचो. गावात लोक अजून "प्लेअर" म्हणायचे, म्हणून घरी दळण आणायचं काम मला कुणी सांगत नसे. एवढ्यावर मी खूश होतो.

मग मल्लू सर आले. चिकोडीकडचे, घरात कन्नड बोलणारे, बारीक अंगाचे आणि कमी बोलणारे. क्लबनं त्यांना कोच नेमलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा पाचही जणांना चहा पाजून घरी पाठवलं. आमच्या जागी बोरगाव आणि आसपासच्या खेड्यांतली, नुकती मिसरूड फुटलेली पोरं उभी केली.

आप्पा पेटले. माझा अपमान म्हणजे त्यांच्या घराण्याचा अपमान. पोरं पहिली मॅच वाईट हरली, दुसरी त्याहून वाईट. आप्पा पायरीवर उभे राहून ओरडायचे, "ही टीम न्हाय, बालवाडी हाय! मास्तर, घंटा वाजवा, दूध पाजा त्यास्नी!"

तीन हंगाम असेच गेले. सर नुसते म्हणायचे, "आप्पा, वेळ लागतंय." त्यावर आप्पा, "आंबा लावलाईस का रं कोर्टावर?" सगळं गाव हसायचं. मीही हसायचो, जरा जास्तच. पण एक मॅच आप्पांनी चुकवली नाही. मी एकदा म्हटलं, "हरणारच हायत, कशाला जाताय?" तर माझ्यावरच खेकसले, "मग शिव्या काय घरात बसून देऊ? टीम आपली हाय!"

क्षमावाणीला ते पंचांकडे जात, चुकलेल्या पोरांकडे जात, पण सरांच्या दारावरून मान वळवून पुढे जात. आणि तिसऱ्या हंगामात त्यांनी ठरवलं की ह्या माणसाला घालवायचं. कमिटीच्या एकेका सभासदाच्या दुकानात जाऊन, समोरची गिऱ्हाइकं थांबवून, त्यांनी सगळ्यांना पटवलं. पेंड विकणारा माणूस. पटवण्यात कुणाला हार जाणार नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला नाही म्हणाले, का तर मॅच चुकतील. संध्याकाळच्या उजेडात त्यांना तो तांबूस चेंडू दिसेनासा झाला. मी शेजारी बसायचो आणि ते सारखे विचारायचे, "चेंडू कुणाकडं हाय? आता कुणाकडं?" मी सांगून सांगून कंटाळायचो.

एका मॅचला त्यांनी विचारायचंच सोडलं. पोरं मागे होती, लोक शिट्ट्या मारत होते, आणि आप्पा गप्प. मला वाटलं, चक्कर आली.

"अज्या," ते म्हणाले, "ही पोरं सारखी पळत्यात रं."

"पळणारच की. खेळ हाय."

"तसं न्हाय. चेंडू एकाकडंच असणार. बाकीची चौघं पण पळत्यात. एक तिकडं गेला की दुसरा त्याची जागा धरतोय. आजवर मी निस्ता चेंडू बघत आलो. चेंडू दिसंना झाला तवा खेळ दिसाय लागला." मग माझ्याकडे वळले. त्यांचे ते धुरकट डोळे माझ्यावर नीट लागत नव्हते, पण राग बरोबर लागला. "आणि तू काय करायचास सांगू? चेंडू टाकलास की कमरेवर दोन्ही हात ठेवून हुबा. सासऱ्याच्या शेतात पाणी पाजाय आल्यागत! पंधरा वर्षं मी त्याला टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, "आप्पा, लोक ऐकालेत."

"ऐकू देत की!"

कमिटीची बैठक दोन दिवसांवर होती. आप्पा परत त्याच दुकानांतून फिरले. ह्या वेळी कुणी ऐकेना. बैठकीत ते न बोलावता शिरले. मी दाराशी उभा होतो.

अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, तुम्हीच सांगिटलासा की, हा माणूस टीम बुडवतोय म्हणून."

"व्हय, मीच सांगिटलो. आता मीच सांगतोय की मी चुकलो. तो टीम बांधालाय."

"गावभर झालंय आता. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडात ते मीच घातलंय!" आप्पांनी टेबलावर हात आपटला, चहाचे कप नाचले. "माझा राग घेतलासा तवा फुकट घेतलासा. आता अक्कल देतोय तर नको म्हणताय?"

सरांना काढलं. आम्हा पाचांना परत बोलावलं. तो ठराव ऐकून मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण आप्पांनी घरी येऊन काकूंना सांगितलं, डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्या.

ऑपरेशन झालं. भाद्रपदात क्षमावाणीला आप्पा माझ्या स्कूटरच्या मागे बसले आणि म्हणाले, "चिकोडीच्या रस्त्याला घे." सर आता गावाकडच्या एका शाळेत होते. "बर्री, कूड्री," म्हणून त्यांनी बसायला खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडले. "उत्तम क्षमा. तुमचं अन्न काढलो मी."

सरांनी खुर्ची परत भिंतीला लावली. मग शांतपणे म्हणाले, "नाही, आप्पा. देत नाही."

मी सटपटलो. क्षमावाणीला असं कुणी म्हणत नाही. आप्पाही थक्क झाले.

"माझं अन्न मला मिळालं," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पण ती पोरं? तीन वर्षं शिव्या खाऊन पळाली ती. आता बाकावर बसून ह्यांची पोटं बघतात! त्यांना आत घाला. मग या माझ्याकडे."

दिवाळीच्या मॅचला मी जर्सी घालून मैदानात उतरलो. पाचव्या मिनिटाला पायरीवरून ओळखीचा आवाज आला, "अज्याऽ! भाईर ये!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "भाईर ये म्हणतोय न्हवं! घरचं म्हणून तुझ्यापास्नं सुरवात करालोय!" सगळं कोर्ट थांबलं. पंच शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. मी नाडी सुटल्याचं नाटक करायला वाकलो, आणि वाकल्यावर कळलं की परत उभं राहायला श्वासच नाही. बाहेर आलो. बोरगावचं एक पोरगं आत गेलं आणि वाऱ्यासारखं पळालं, चेंडू नसताना.

मग पुढची काही वर्षं आप्पांचा सगळा राग माझ्या चार दोस्तांवर बरसला. एकेक जण गुडघ्याचं निमित्त काढून बाहेर बसला. पायरीवर आमची संख्या वाढत गेली. दर क्षमावाणीला आप्पा चिकोडीकडे जायचे, हात जोडायचे आणि सांगायचे, "आणखी एक बसवला." सर म्हणायचे, "अजून हाईत, आप्पा. पुढच्या वर्षी या." परत येताना आप्पा धुसफुसायचे, "लई माजोरडा माणूस. क्षमा मागून मागून गुडघं गेलं माझं!" पण भाद्रपद आला की स्कूटरची हवा तपासायला मलाच बजावायचे.

माझी मात्र त्यांनी कधी क्षमा मागितली नाही. एकदा काकूंनी सांगून बघितलं. "त्याची कशाला?" आप्पा म्हणाले. "त्याला बोललो ते खरं बोललो."

शेवटचा राहिला कॅप्टन. अध्यक्षांचा मेव्हणा. त्याला बाहेर काढायच्या आधीच, ह्या पावसाळ्यात, आप्पा गेले. दुकानात, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता. तेराव्या दिवसानंतरच्या मॅचला तो कॅप्टन मैदानात उतरला, थोडा वेळ खेळला, आणि अचानक पायरीवरच्या आप्पांच्या रिकाम्या जागेकडे बघून थांबला. कुणी ओरडलं नाही. तो आपणहून बाहेर आला.

क्षमावाणीला मी एकटाच गेलो. सर शाळेच्या कोर्टावर मुलामुलींना शिकवत होते. मी बाजूला उभा राहून म्हटलं, "सर, पाचवा बसला. आप्पांच्या वतीनं क्षमा मागायला आलोय."

सरांनी चेंडू घट्ट धरला. "तुम्हाला कोण पाठवलं? त्यांनी स्वतः यायचं होतं."

"सर, आप्पा—"

"कळलंय मला! पहिल्या वर्षीच दिली होती मी क्षमा, मनात. बोलून दाखवली असती तर परत आले असते का ते? दर क्षमावाणीला त्यांची खुर्ची पुसून ठेवली, आज सकाळी पण!" त्यांनी तोंड फिरवलं. पाठमोरेच ते मुलांवर ओरडले, "चेंडू काय बघता? पळा!"

मग वळून माझ्याकडे बघितलं, डोळे लाल. काहीतरी चांगलं बोलतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो.

"हात काढा," सर म्हणाले.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात कमरेवर होते.