चित्रातलं शेत

कर्जतला माझं फ्रेमचं दुकान आहे. देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो, फार तर एखादं निसर्गचित्र: सूर्य, झोपडी, नारळ. चित्र म्हणजे कसं भरगच्च पाहिजे, ही माझी समजूत. वर मी स्वतःला जाणकारही म्हणवून घ्यायचो.

मागच्या उन्हाळ्यात पोशीरच्या एक काकी पेन्सिलीचं चित्र घेऊन आल्या. यजमानांनी शेवटच्या आजारपणात काढलेलं. त्यांची सगळी हयात रसायनीच्या कारखान्यात नकाशे काढण्यात गेली होती. कागदाच्या वरच्या बाजूला डोंगराची एकच रेघ, हात न उचलता ओढलेली. खाली सगळा कोरा कागद. म्हातारा दमला असेल, राहिलं असेल अर्धं, असं मी ठरवूनच टाकलं. तयार फ्रेम लहान होती, कागद मोठा. मी खालचा भाग कापला.

फ्रेम न्यायला आलेल्या काकींनी काचेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"डोंगर हाय. पन खालचं आमचं शेत कुठं गेलं रं? तिथं बिल्डिंगा झाल्या, म्हनून तर त्यांनी काढून ठेवलं व्हतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वाळवी लागली होती, काकी. कापावंच लागलं."

"मंग बरं केलंस बाबा. नायतर डोंगरबी गेला असता."

त्या गेल्यावर टेबलाखालचा तुकडा काढून उजेडात धरला. त्यावर बांधांच्या तीन रेघा होत्या, अगदी पुसट. बाकी काही नाही. भात कापून झाल्यावर शेत असतं तसं, मोकळं. अख्खं शेत त्या माणसानं तीन रेघांत बसवलं होतं आणि मला तो रिकामा कागद वाटला. स्वतःची लाज वाटली.

तुकडा परत करायचा, तर त्याला वाळवीचं एक भोक नाही. तरी एकदा हिय्या केला, पिशवीत घालून पोशीरला गेलो. काकींची नणंद आली होती, चित्र काढणाऱ्याची सख्खी बहीण. मी तोंड उघडायच्या आत काकी तिला म्हणाल्या, "वन्सं, ह्यो बगा. यानंच आमच्यांचं चित्र वाचवलं."

म्हातारीनं मला हात जोडले. मी चहा प्यायलो आणि पिशवी तशीच घेऊन परत आलो.