प्लग धरायचं काम

१९७४ च्या हिवाळ्यात तोफखान्यातली आमची तुकडी, म्हणजे बॅटरी, फायरिंगसाठी देवळालीला आली. मी लान्स नाईक होतो. आमची तोफ ओढणाऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी माझी जागा होती.

त्या गाडीचा मागचा दिवा निकामी होता. म्हणून हातात धरायचा एक स्पॉटलाइट दिलेला होता. जुना, जड, पिस्तुलासारखी मूठ असलेला. त्याची लांब वायर खिडकीतून आत यायची आणि प्लग डॅशबोर्डच्या सॉकेटमध्ये बसायचा. प्लगची स्प्रिंग झिजली होती, गचका बसला की तो बाहेर यायचा. कॅम्पच्या बाजारात बल्ब मिळाला, तसला प्लग मिळाला नाही. म्हणून गाडी मागे घेताना मी प्लग अंगठ्याने दाबून धरायचा, असं ठरलं. मागे उभं राहून उजेड दाखवायचं काम गनर उत्तम देवरेचं.

उत्तम सटाण्याकडचा. वीस वर्षांचा. वस्तीवर वीज नसताना वाढलेला, तरी अंधाराला भ्यायचा. पहिल्या आठवड्यात प्लग सुटला तेव्हा तो दिवा टाकून पळाला. सगळे हसले. पुढे मी मुद्दाम प्लग काढू लागलो.

नियम मीच केला. दिवा गेला की मी ओरडायचो, "पळ उत्तम, गाडी आली!" तो पळाला की हरला. मग प्लग परत लावायचा आणि दिव्याची काच तापली की त्याने तिच्यावर तळहात ठेवायचा.

"उस्ताद, आज नको. कालचा फोड हाय अजून."

"मग दुसरा हात ठेव. नवरी आहेस का मेंदी जपायला?"

ड्रायव्हर बाबूराव वयाने मोठे होते. ते म्हणाले, "का छळतोस रे पोराला?"

"काका, तुम्ही स्टिअरिंग बघा."

काही दिवसांनी उत्तम पळायचा थांबला. घामाने भिजायचा, पण जागेवर उभा राहायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या. बॅटरीत आल्यापासून तो पहिल्यांदा मोकळा हसला.

शेवटच्या दिवशी फायरिंग संपलं तेव्हा दिवस मावळला होता. वायरलेसवर ऑर्डर आली, "गन हुक करा. मूव्ह." तोफ उताराच्या खालच्या अंगाला होती. गाडी आणि तोफेच्या मध्ये उभा राहून उत्तम हुकावर उजेड पाडत होता. बाबूराव गाडी हळूहळू मागे घेत होते. चाक खड्ड्यात गेलं, गचका बसला. मी तेव्हा दोन्ही हातांनी विडी पेटवत होतो. प्लग पडला.

बाबूरावांनी ब्रेक मारला. खाली सुटा मुरूम होता. गाडी घसरत राहिली. सावकाश. दोन पावलं बाजूला व्हायला पुरेल इतकी सावकाश.

मी ओरडलो, "पळ उत्तम, गाडी आली!"

मागून तो हसत म्हणाला, "नाय पळणार, उस्ताद!"

गाडी तोफेला टेकून थांबली. मी पायाशी चाचपडून प्लग शोधला आणि लावला. दिवा लागला. तो अजून उत्तमच्या मुठीत होता.

चौकशी झाली. प्लगची स्प्रिंग झिजलेली आढळली, तेच कारण लिहिलं गेलं. साहेबांनी विचारलं, "तो बाजूला का झाला नाही?"

मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

बाबूराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंधार होता, साहेब."

दुसऱ्या दिवशी बसने त्याचे वडील आले. रडले नाहीत. अंधारात पळून जाणारा पोरगा इथे उभा कसा राहिला, ही एकच गोष्ट त्यांना उमगत नव्हती. ती ते प्रत्येकाला विचारत होते. माझ्यापाशी आले.

"तुमीच त्याना उस्ताद?"

मी मान हलवली.

"मना पोऱ्या अंधारमा पयी जास. आठे कसा काय उभा ऱ्हायना?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "ड्यूटी होती, बाबा. सोडून गेला नाही."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाठ ताठ केली.

"बरं झायं. गावमा सांगसू, मना पोऱ्या पयना नई."

त्यांनी गावात तसंच सांगितलं. शेवटपर्यंत तेच सांगत राहिले, असं नंतर कळलं. बाबूरावही आता नाहीत. खरं काय ते माहीत असलेला मी एकटा उरलो, म्हणून हे लिहिलं.

गनर उत्तम देवरे. पळाला असता तर आज सत्तरीचा असता.