रायरांची काळोखाची जागा

लोक मुलीसाठी स्थळं बघत हिंडतात, तसे रायर काळोखासाठी जागा बघत हिंडायचे. आणि वरबापासारखे प्रत्येक जागेत खोट काढायचे. इथे कोळंबीच्या तळ्यांवरचे दिवे दिसतात. इथे बर्फाच्या कारखान्याचा बल्ब आड येतो. इथे बंदराचा उजेड आकाशाला पिवळा डाग पाडतो. मग मान हलवायची, सायकल वळवायची आणि म्हणायचं, "नको वो अक्का, हे आकाश धुतलेलं नाही."

तमिळ मुलखात आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ते आमचे शेजारी होते. माझे यजमान अंबरनाथच्या कारखान्यातून बदली होऊन तिथे आले, तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी हा उंच, काटकुळा माणूस दारात येऊन म्हणाला, "तुम्ही मराठी कां वो? आम्हीही मराठीच." ते तंजावरकडचे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल सगळा तमिळ. मला वाटलं थट्टा करतोय, मी दार लावून घेतलं. त्याचा त्यांना राग आला नाही. रायरांना कशाचाच राग येत नसे. हा गुण आहे असं सगळे म्हणत. मी कधी म्हटलं नाही.

त्यांच्या तोंडात सारखं एकच, "परवायिल्लै." म्हणजे असू दे, चालेल. बढती दुसऱ्याला मिळाली, परवायिल्लै. भावाने तंजावरचं घर परस्पर विकलं, परवायिल्लै. त्यांची बायको जानकी मला म्हणायची, "आमच्या घरात भांडण करायचं तर मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं."

एकाच गोष्टीत ते हट्टी होते. निवृत्त झाल्यावर बहुतेकांनी शहरालगत अंबत्तूरला फ्लॅट घेतले. रायरांनी पोन्नेरीच्या पुढे, खाडीकाठच्या एका लहान गावात दोन खोल्या बांधल्या. का, तर तिथे रात्र पडते म्हणून. नातेवाईक हसले. जानकी हसली नाही, पण गेली. आम्ही आवडीतच घर केलं होतं, तिथून आम्हीही जाऊ लागलो, गाडी बदलून पोन्नेरी, पुढे बस. माझे यजमान गेल्यावरही मी जात राहिले. चार लोक बोलले. बोलू दिलं.

मला ताऱ्यांचं वेड नाही. मी चौथी शिकलेली, नावं ध्यानात राहत नाहीत. पण त्या माणसाबरोबर जागा शोधायला मला आवडे. दिवसा भाजी घ्यायला जातो तसे आम्ही मिठागरांच्या बांधावरून हिंडायचो. रायर थांबत, हात डोळ्यांवर धरून चारही दिशा बघत. पाठ शहराकडे हवी, तोंड समुद्राकडे हवं, दक्षिणेचा बंदराचा उजेड अडवायला मधे झाडं हवीत. जागा पसंत पडली की अंधार पडल्यावर पुन्हा येऊन बसायचं आणि डोळे निवून अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहायचं. विजेरी पेटवायची नाही. पेटवलीच तर काचेवर लाल कागद लावून. मी एकदा विसरून मोबाइल काढला, तर म्हणाले, "अक्का, एवढा वेळ शिजवलेला भात सांडलात वो."

अशी कितीतरी वर्षं हिंडून एक जागा मिळाली. गावाबाहेर देवीचं छोटं देऊळ, त्याच्यामागे सुरूचं बन, बनाच्या कडेला वाळूचा उंचवटा. बनाने बंदर झाकलेलं, समोर समुद्र. पहिल्या रात्री आकाशगंगा मलाही दिसली, कोणी न दाखवता. रायर वाळूवर आडवे पडले आणि लहान मुलासारखे पाय हलवत राहिले.

मी त्यांना सांगितलं होतं, ही जागा कोणाला दाखवू नका. ते म्हणाले, "आकाश माझ्या बापाचं आहे काय?" विचारील त्याला घेऊन जात. शाळेतली पोरं, शहरातल्या जॉर्ज टाउनचे व्यापारी, कोण कुठले. चहा पाजून पाठवत.

मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, अंधारातली आधी जाईल, थोडी वर्षं हातात आहेत. जानकी रडली. रायर मला एवढंच म्हणाले, "जागा वेळेवर मिळाली, अक्का." म्हणजे शिल्लक राहिलेली नजर त्यांनी त्या वाळूवर खर्च करायची ठरवली होती. हे मला माहीत होतं, जानकीला माहीत होतं आणि त्यांच्या मुलालाही माहीत होतं. सीनू बंगळूरला कंपनीत मोठा साहेब आहे.

बापाची ऐंशी पुरी झाली तेव्हा सीनूने सताभिषेकम्, म्हणजे आपलं सहस्रचंद्रदर्शन, थाटात केलं. नवराबायकोवर कलशाचं पाणी, हार, केळीच्या पानावर जेवण, सगळं ठीक. संध्याकाळी म्हणाला, "चला, अप्पांना सरप्राइज आहे." सगळे मिळून देवीच्या देवळाकडे गेलो.

देवळाला काही दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालायची इकडे रीत आहे. पंख्याच्या पात्यांवर नाव, घंटेवर नाव. ट्यूबलाइटवर तर इतकी अक्षरं रंगवतात की उजेड बाहेर यायला जागा उरत नाही. सीनूने बापाच्या नावाने दिवा दिला होता. साधा नव्हे. माडाएवढा उंच खांब, त्यावर क्रिकेटच्या मैदानात असतो तसला पांढरा झोत. खाली काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत रायरांचं नाव, जानकीचं नाव, मुलाचं, सुनेचं, नातवंडांचं. झोताचं तोंड त्या दगडाकडे. दगडावरून उजेड थेट वाळूच्या उंचवट्यावर पडणार.

मी सीनूला बाजूला घेतलं. "हे काय केलंस?"

"का मावशी? अप्पांची आवडती जागा आहे ना, म्हणून इथेच लावला."

"अप्पा इथे कशाला येतात?"

"तारे बघायला."

"मग?"

"मग काय? आता येताजाता पडायची भीती नाही. त्यांच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे ना?"

शिकलेल्या पोराला मी काय सांगणार? तेवढ्यात मासळी विकणारी सेल्वी डोक्यावर टोपली घेऊन आली. किनाऱ्यावरून रस्त्याला लागायची बायकांची वाट देवळाच्या दुसऱ्या अंगाने जाते. ती तमिळमध्ये मला म्हणाली, "अम्मा, दगडाला दिवा झाला. आमची वाट आहे तशीच. काल तिथे साप निघाला."

मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "दिव्याचं तोंड वाटेकडे फिरवा, खाली वाकवा आणि वर पत्र्याची टोपी घाला. बायकांना वाट दिसेल, रायरांना आकाश दिसेल." वायरमन शिडी घेऊन तिथेच उभा होता. एका स्क्रूचं काम होतं.

सीनू म्हणाला, "मावशी, मग नाव दिसणार नाही."

सगळे रायरांकडे बघू लागले. जरीची शाल, गळ्यात हार. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. मुलगा वाईट नव्हता, त्याने ऐकलं असतं. रायर हसले. "परवायिल्लै, अक्का. पोराने हौसेने केलंय." मग सीनूने त्यांचा हात धरून बटणावर ठेवला, त्यांनी ते दाबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जानकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी गप्प बसले ती तिच्यासाठी.

तो राग माझा अजून गेलेला नाही. सीनूवर आहे, पण थोडा. बापाचं नाव मोठं करायचं म्हणजे ते उजेडात ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. खरा राग रायरांवर आहे. लोक म्हणतात किती समजूतदार माणूस. कसला समजूतदार? आपल्या उरलेल्या डोळ्यांसाठी ज्याला एक वाक्य बोलता आलं नाही, सेल्वीच्या वाटेसाठीही आलं नाही, त्याला मी भित्रा म्हणते. मुलाचं मन राखलं म्हणे. मुलाला बापाचं मन कळायची एक संधी होती, तीही घालवली.

पुढे आम्ही पुन्हा जागा शोधू लागलो. पण आता बांधावर उभं राहून ते मलाच विचारत, "तिकडे उजेड आहे कां वो?" उजेड होता तिथे मी हो म्हटलं. सगळीकडेच होता. एका पावसाळ्यात त्यांना संध्याकाळचं अंगणही दिसेना. सीनूने दोघांना बंगळूरला नेलं, बाराव्या मजल्यावर.

तिथून रायरांचा एकदाच स्वतःहून फोन आला. जानकीने नंबर लावून दिला असेल. तब्येतीचं बोलणं झालं. मग म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं कां?"

"हो," मी म्हटलं.

"आता सांगू कां सीनूला?"

"सांगा. तुम्हाला उपयोग नाही. सेल्वीला होईल."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पंधरवड्यात ते गेले. दिव्याचं तोंड अजून दगडाकडेच आहे, मी मागच्या महिन्यात बघून आले. माझी सून म्हणते, मरायला टेकलेल्या आंधळ्या माणसाला इतकं तोडून बोलायचं नव्हतं. गोड बोलणारी माणसं त्या घरात पुष्कळ होती. रायरांनी फोन मला, आवडीला लावला होता.