न रडणारी पोर

माझी पहिली मुलगी रडायची नाही. तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन फिरत होतो. पालावर येणाऱ्या बाया म्हणायच्या, "लई गुणाची पोर हाय, आईला काम करू देती." मलाही बरं वाटायचं. जीभ जरा बाहेर यायची, बेंबी फुगलेली, अंग गार. चार वर्षांची झाली तरी उभी राहिली नाही. पाचव्याला गेली.

दोष मी बायकोला दिला. ती माझ्या मामाचीच मुलगी. पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात पोटुशीनं काही कापायचं नसतं. पण एका कोकराच्या गळ्याला दोर आवळला आणि हिनं विळ्यानं तो कापला. कोकरू जगलं. मी जन्मभर तिला तो दोर ऐकवला. मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा एकदा म्हणाली, "अवं, तवा दोर कापाया नको व्हता का?"

"नकोच व्हता," मी म्हणालो. ती भिंतीकडं वळली. मग दोन दिवसांत संपली.

तिच्यामागं सहा महिन्यांनी लेकाची पोर, माझी नात, बाळंतपणाला मांडवगणला आमच्या घरी आली. तिला मीच हट्टानं माझ्या लेकीच्या पोराला दिलेली. घरातली पोर घरात राहील म्हणून. मुलगी झाली. पंधरा दिवसांनी सून कौतुकानं म्हणाली, "आबा, तुमची पणती लई गुणी हाय बगा. रडतच न्हाई."

हातातला चहा तसाच राहिला. पाळण्याशी गेलो, पायाला हात लावला. गार. मला वाटलं, बायको मागंच उभी आहे, विळा घेऊन.

"दौंडला दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"कायतरीच तुमचं आबा! झोपलीय ती."

"ती बी अशीच झोपायची. गाडी काढा."

डॉक्टरीणबाईंनी टाचेतून रक्त घेतलं. थायरॉईड निघाला. गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती. रोज एक गोळी, चुरून आईच्या दुधात. वेळेत आणलंत, म्हणाल्या. मग घरातली लग्नं नात्यात कुठं कुठं झाली ते विचारलं. मी पहिल्या मुलीचं सगळं सांगितलं. नातीचं, तिच्या नवऱ्याचं आणि माझं रक्त त्यांनी पुण्याला पाठवलं. पुढच्या लेकरांसाठी कळलेलं बरं, म्हणाल्या.

रिपोर्ट आला. तिघांतही एकच बिघाड.

"आबा, हा एकाकडून आला तर काही होत नाही. आईबाप दोघांकडून आला, तर लेकराला होतं. तुमच्या मुलीलाही बहुतेक हेच असणार. निम्मं तुमचं, निम्मं आजींचं."

"आन् ग्रहणात दोर कापला त्याचं?"

"त्याचा काय संबंध?"

"मग ही गोळी तवा व्हती का?"

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. "पुण्यात मिळाली असती," म्हणाल्या.

येताना भीमेच्या पुलावर लेकानं विचारलं, "आबा, बरं वाटत न्हाई का?"

गोळीनं महिनाभरात पणतीला कंठ फुटला. आता दुपारी भूक लागली की गल्ली डोक्यावर घेते. सून आतून ओरडते, "आवो आबा, उचला की तिला, बसलाय काय!"

मी लगेच उचलत नाही. जरा रडू देतो. बायकोला ऐकू जावं म्हणून. मग डोळे मिटतो, तर ती दिसते. भिंतीकडं तोंड करून. अजून वळलेली नाही.