पोटावरची रेघ

"फ्रॉक वर घे," डॉक्टर म्हणाला.

मी अकरा वर्षांची होते. मला टेबलावर उभं केलं होतं आणि समोर खुर्च्यांवर तीस-चाळीस डॉक्टर बसले होते. माझा बाप चपला हातात घेऊन दाराशी उभा. आम्ही घाटंजीकडच्या कोलामपोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे. बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरगी मोठी होऊन राह्यली. सगळ्याईसमोर नका."

डॉक्टर हसला. "अरे, हिला काय कळतं? तू बाहेर बस."

मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तेव्हा पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आली होती. यवतमाळात डॉक्टरांची जुनी, मानाची संस्था. दर महिन्याला सभा, आणि सभेत एखादा जिवंत पेशंट दाखवायची रीत. त्या महिन्याला मी. डॉक्टरने खिशातून निळं पेन काढलं आणि सूज कुठवर आली ते दाखवायला माझ्या पोटावर रेघ ओढली. बरगडीपासून बेंबीपर्यंत. मग एकेक जण उठून पोट दाबून गेला. एकाने फोटो काढला. दुखत होतं. मी रडले नाही, मुतले. तिथंच, टेबलावर. सगळे हसले.

जाताना बिस्किटांचा पुडा दिला. बापाने बसमध्ये माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मायने राखेने घासली तरी रेघ दोन दिवस दिसत होती. पुडा मी बकरीला घातला.

ती केस गाजली. डॉक्टरला पदक मिळालं.

मी पडत-उठत, गोळ्या खात शिकले. आज सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. यंदा संस्थेचा सुवर्णमहोत्सव. फोन आला, "त्या फोटोतली मुलगी तुम्हीच ना? सत्कार करायचा आहे."

गेले. का जाऊ नये? इतकी वर्षं त्या दारातून पुन्हा आत जायची वाटच बघत होते.

हॉलबाहेर बाकावर एक पोरगी मायजवळ बसली होती. दुपारच्या सभेत दाखवायची केस. तिचं रक्त मीच तपासलं होतं. म्हणजे रीत अजून चालूच.

आत हातात स्मरणिका दिली. संस्थेचा इतिहास. कुणी स्थापन केली, हॉल कसा बांधला, कोणकोण विद्वान येऊन गेले. मधल्या पानावर मी. डोळ्यांवर काळी पट्टी, पोटावर रेघ. खाली डॉक्टरचं नाव, पदकाचं नाव. माझ्या नावाच्या जागी 'कोलाम मुलगी'.

शाल घालायला तोच डॉक्टर उठला. आता म्हातारा. मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"सर, सदरा वर घ्या. मला रेघ ओढायची आहे."

त्याचा हात आपोआप पोटावर गेला आणि त्याने सदरा घट्ट धरून ठेवला. मला तेवढंच बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं.

अध्यक्ष पुटपुटले, "सोडून द्या हो, वय झालंय त्यांचं."

"माझ्या बापाचंही झालं होतं. मरेपर्यंत कुठल्याच डॉक्टरसमोर त्याची मान वर झाली नाही."

शाल खुर्चीवर टाकली. बाहेर येऊन पोरीला विचारलं, "तुले आत जायचं हाय काय?"

तिने मान हलवली. नाही.

तिची माय घाबरली. "साहेब रागावतीन ना बाई. औषध बंद करतीन."

"औषध सरकारचं हाय. उद्या माह्या दवाखान्यात या. चाला."

तिघी बसस्टँडवर गेलो.

पेन मी परत दिलेलं नाही आणि त्या माणसाला माफही केलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. मी जाणार. बाप उभा होता त्याच दाराशी उभी राहणार, प्रत्येक सभेला, चपला पायात घालून. आमच्या लेकराचं पोट ज्याला चारचौघांत उघडायचं असेल, त्याने आधी स्वतःचा सदरा वर घ्यावा. रेघ मी ओढेन.