खिडकीतली राखीव जागा

लंडनजवळच्या मेडनहेडहून निघतानाच बाबांनी खिशातला रुमाल दोनदा चाचपून पाहिला. सोलापूरच्या गिरणीत जन्म गेलेला, लाल बावट्याचा माणूस. माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले, पण इथे त्यांचा जीव रमेना. "मला मँचेस्टरला ने," एवढीच मागणी. ज्या दोन जर्मन मित्रांच्या लिखाणातून साम्यवाद उभा राहिला, ते तिथल्या जुन्या लायब्ररीत समोरासमोर बसून वाचायचे. ते टेबल बाबांना बघायचं होतं.

मँचेस्टरला पोचलो तेव्हा माझी छत्री ट्रेनमध्येच राहिली होती. भिजत भिजत एकल्स केक (आत काळे मनुके भरलेली गोड खारी) खाल्ला. जुन्या गिरण्यांच्या लाल भिंती बघून बाबा म्हणाले, "आपल्यासारखंच आहे की गं."

लायब्ररीत खिडकीच्या कोनाड्यात ते टेबल, वर रंगीत काचा. मागे चिनी पर्यटकांची रांग. बाबा एका खुर्चीत बसले आणि समोरच्या खुर्चीवर एसटीत टाकतात तसा रुमाल टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हे काय?"

"दत्तूची जागा आहे."

दत्तूकाका गिरणीत बाबांच्याच खात्यातले. इथे दोघांनी मिळून यायचं, असं तरुणपणी ठरलेलं. मग चीनवरून पक्ष फुटला. बाबा म्हणत, क्रांती गिरणीतून येते. दत्तूकाका म्हणत, चीन बघ, खेड्यातून येते. तेव्हापासून अबोला. आता दोघेही ऐंशी पार, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात आणि समोर आले की रस्ता बदलतात.

रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "बसू का?" त्या हुनानच्या निवृत्त शिक्षिका. मी ओशाळून सगळी हकिकत सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "क्रांतीची सुरुवात शहरातच झाली. आधी विद्यार्थी, मग शांघायच्या गिरण्यांतले कामगार. तिथे त्यांची कत्तल झाली, तेव्हा उरलेले खेड्यांत गेले आणि तिथे ती वाढली. माझे आजोबा शेतकरी, त्यांनाही जमीन मिळाली. पुढे उपासमारही त्यांनीच सोसली."

मी मराठीत सांगत गेले. बाबांनी समोरच्या रुमालाकडे पाहिलं.

"म्हणजे अर्धं माझं, अर्धं दत्तूचं. फोन लाव त्याला."

नंबर त्यांना पाठ होता. व्हिडिओ कॉलची रिंग वाजत राहिली. नाही उचलला तर बाबांना काय सांगू, याचीच मला धास्ती. अखेर दत्तूकाकांचं टक्कल दिसलं. बाबांनी फोन रुमालाकडे वळवला.

"तुझी जागा धरलीय."

दत्तूकाकांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "त्या बाई का उभ्या आहेत?"

"बसायचंय त्यांना. चीनच्या आहेत."

"मग उचल की तो रुमाल, बावळटा. बसू दे त्यांना. आणि तू ये लवकर, आपलं भांडण अर्धवट राहिलंय."

बाबांनी रुमाल उचलला, त्यानेच डोळे पुसले.

केवढा मोठा विचार, त्याने देशच्या देश उलथवले. आमच्या घरी मात्र त्याने दोन मित्रांचं बोलणं बंद केलं होतं, एवढंच मला ठाऊक. परतीच्या ट्रेनमध्ये बाबा हळूच म्हणाले, "माझं घरी जायचं तिकीट जरा अलीकडचं मिळेल का गं?" लेक म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. मी हसत तारखा बघू लागले.