बारीक भोकासाठी तिची सुई

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बायको खाटेला खिळली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरनं मान हलवली, तेव्हाच मी काय ते समजलो. तिनं एकच मागितलं, "लग्नात देऊळघाटहून मी ज्या दमणीत बसून आली, तशी लहानशी गाडी करून द्या. पाहू द्या मले."

मी काही सुतार नाही. तरी सागाची चाकं केली, वर टपही केला. अडलं ते जुवापाशी. काडीएवढं जू, अन् त्याले शिवळा, म्हणजे बैलाची मान अडवणाऱ्या खुंट्या, घालायला भोकं पाहिजेत. सुताराचा दोरीनं फिरणारा सामता आणला, छत्रीच्या तारेचं पातं त्यात बसवलं. दोरी ओढली, की जू उभं चिरलं. दुसरं केलं, तेही चिरलं.

तिनं उशीखालून आपली बारीक सुई काढली. "तार जाड होते. हिचं करा."

"अन् तू शिवशील कायनं?"

"मले आता काय शिवाचं हाय हो? घ्या."

मले ती सुई मोडायचीच नव्हती. मोडली, म्हणजे ही आता उठत नाही हे मी कबूल केल्यासारखं होतं. पण ती हात पुढं करूनच राह्यली. घेतली शेवटी. टोक तापवून चपटं केलं, दगडावर घासून धार लावली. भोक साफ पडलं, जू शाबूत राहिलं.

शिवळा तिनंच बसवल्या. मग बोटानं ढकलत दमणी गोधडीवरून खाटेच्या काठापर्यंत नेली.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"माहेरी. तुम्हाले काऊन सांगू?"

"लवकर येजो," मी म्हटलं.